दोन बोटांचं हसू

आधीच सांगून ठेवते, मी बावड्याची. आमच्याकडची माणसं खोटं बोलत नाहीत; खऱ्याला नुसतं पाणी सोडतात, मग ते आपोआप उसासारखं वाढतं. तेव्हा आमच्या आक्काविषयी मी जे सांगणार आहे त्यातलं पाचट ज्यानं त्यानं सोलून टाकावं. आतला रस अस्सल आहे.

आक्का म्हणजे आमच्या खो-खोच्या संघाची कप्तान. महाराष्ट्राची जर्सी घातलेली, चार राज्यांत खेळून आलेली. मोरगावच्या जिरायत पट्ट्यातली, शेळ्यांमागं वाढलेली, आणि लहानपणापासून दमेकरी. दमाही असातसा नाही. थंडी पडली की तिच्या छातीतून असे बारीक आवाज यायचे की बारामतीच्या आमच्या भाड्याच्या खोलीतलं मांजर येऊन तिच्या उशाशी बसायचं, आत आपलं पिल्लू अडकलंय का बघायला.

पहिल्यांदा तिला पाहिलं तेव्हा ती चालत होती. 'चालत होती' हेही कौतुकानं म्हणते. मैदानापासून आमची खोली हाकेच्या अंतरावर. आम्ही पोरी खोलीवर जाऊन, आंघोळी उरकून, भात टाकून दारात येऊन बसायचो, तेव्हा आक्का मैदानाच्या फाटकातून बाहेर पडत असायची. तिला ओलांडून पुढं गेली नाही अशी म्हैस बारामतीत उरली नव्हती. त्याच वर्षी संघात आलेल्या एका पोरीनं तिच्याकडं बघून मला विचारलं होतं, "ह्या कुणाच्या आई म्हनायच्या?" दुसऱ्या दिवशी तीच पोरगी मैदानात आक्काचा पाठलाग करून आडवी पडली होती आणि आभाळाला विचारत होती, "बाई हाय का धूर?"

आक्काचं सगळं तत्त्वज्ञान एका वाक्यात होतं: दम सांडायचा नाही. मला एकदा म्हणाली, "तुमी बागायतीतल्या पोरी. श्वासबी पाटानं सोडता. माझी छाती जिरायती हाय. हितं थेंबाथेंबानं पाजावं लागतं." आक्काच्या मानानं हे फार मोठं भाषण झालं. मला आठवतं त्याप्रमाणं ते तिनं सोमवारी सुरू केलं आणि बुधवारी जेवताना संपवलं.

नावंही ती पुरी घ्यायची नाही. सगळ्या संघाची नावं-गावं तिनं पहिल्या अक्षरावर आणून छाटली होती. मी बावड्याची, म्हणून मला नुसतं "बा". माझी आई एकदा खोलीवर आली, तिनं ते ऐकलं, आणि घरी जाऊन वडिलांना म्हणाली, "लेक लई मोठी खेळाडू झालीया वाटतं. थोरली पोर तिला बाप म्हनती."

पण खरी गंमत तिच्या हसण्याची. आक्का हसायची नाही. म्हणजे हसू यायचं, पण मोठ्यानं हसलं की खोकला, खोकला आला की छातीत शिट्टी, शिट्टी सुरू झाली की दिवस वाया. म्हणून तिची एक खूण होती. चेहरा सुतक असल्यासारखा ठेवायचा आणि एक बोट वर करायचं. याचा अर्थ, मी हसले. फारच मोठा विनोद असेल तर दोन बोटं. दोनावर तिचं काही नव्हतं.

एकदा आमचे सर मैदानावर फक्कीच्या रेषा आखत होते. सर म्हणजे शिस्तीचा पुतळा; झोपेतही शिट्टी गळ्यात. मागं मागं सरकता सरकता फक्कीच्या पोत्याला अडखळले आणि आत बसले. उठले तेव्हा त्यांच्या अंगावर काळी म्हणून फक्त शिट्टीची दोरी उरली होती. आम्ही पोरी जमिनीवर लोळतोय, आणि आक्का लांब, तोंडाला ओढणी गुंडाळून, दोन बोटं वर करून गंभीरपणे उभी. सरांनी डोळ्यांतली फक्की पुसली, तिच्याकडं बघितलं आणि म्हणाले, "जा. पण लवकर ये." बिचारी गेली. खुलासा करायला दम लागतो.

दम्यावर औषध सांगत नाही असा माणूस बारामती आणि इंदापूर तालुक्यात अजून जन्माला यायचाय. शेळीचं दूध, अडुळसा, छातीला रुईची पानं, कोजागरीच्या खिरीतली पुडी. एसटीचा कंडक्टर तिकिटाबरोबर औषध द्यायचा. आमच्या बावड्यातल्या एका म्हातारीनं तर सांगितलं, "पोरी, लगीन कर. माज्या जावंचा दमा लगनानं गेला." आक्कानं विचारलं, "कुठं गेला?" म्हातारी म्हणाली, "नवऱ्याला लागला की."

आक्का कुणालाही नाही म्हणायची नाही. मान डोलवायची, पुडी ओढणीत बांधायची, आणि खोलीवर येऊन आपला पंप घ्यायची. तिचे दोन पंप होते. तपकिरी सकाळ-संध्याकाळ, न चुकता. निळा खेळाच्या आधी किंवा छाती आवळली तर. एकदा दिवाळीच्या सुमाराला ती ठणठणीत होती, तरी तपकिरी चालूच. मी म्हटलं, "आक्का, बरं असताना औषध कशाला गं?"

तिनं माझ्याकडं बघितलं. "बा, तुमच्यात नांगरट पीक आल्यावर करत्यात व्हय?"

आता तिच्या खेळाचं सांगते, आणि ज्यांनी खो-खो शाळेनंतर बघितला नाही त्यांच्यासाठी कायदाही सांगते. आठ जणी ओळीत बसतात, नववी पाठलाग करते. तिला मधली ओळ ओलांडता येत नाही आणि एकदा दिशा धरली की मागं वळता येत नाही. अडली की बसलेलीच्या पाठीवर हात मारून 'खो' म्हणायचं, मग ती उठणार. पळणारीला मात्र सगळं रान मोकळं. ओळीतून हवं तेव्हा आरपार जावं. आक्काचं म्हणणं होतं की हा कायदा करणारा माणूस दमेकरीच असला पाहिजे.

कारण ती पळायचीच नाही. दोन बसलेल्यांच्या मधे उभी राहायची, बाजारात मेथीची जुडी निवडत असल्यासारखी. समोरची वाऱ्यासारखी अंगावर आली, हात लांबवला, की ही एक पाऊल टाकून ओळीच्या पलीकडं. ती बिचारी पुढं वाहून जायची. खो. दुसरी उठायची. पुन्हा एक पाऊल. कोण कधी उठणार हे बसलेलीच्या टाचेवरून ओळखायची. अंग राखून, हुलकावण्या देत ती समोरच्या नऊ जणींना घामाघूम करायची आणि स्वतः बाहेर आली की कपाळ कोरडं. सर म्हणायचे, "बाकीच्या पोरी पळतात. ही पळवते."

तिची खरी दुश्मन म्हणजे आमच्या भागातली हवा. मोठ्या स्पर्धा नेमक्या थंडीत, आणि थंडीत कारखान्यांचं गाळप जोरात. कुठंतरी पाचट पेटवलेलं असतं, काळी राख तरंगत येते. आम्हाला दिसायच्या आधी आक्काच्या छातीला कळायचं. "बा, वारा इंदापूरकडनं हाय," एवढंच म्हणायची आणि ओढणी नाकावर घ्यायची.

अशाच एका वाऱ्यानं घात केला होता. इंदापूरला सामना चालू असताना शेजारच्या रानात पाचट पेटलं आणि आक्का मैदानातच खाली बसली. ओठ निळे. आम्ही चौघींनी तिला उचलून टेंपोत घातली, दवाखान्यात नेली, आणि दुसऱ्या दिवशी मोरगावला घरी पोचवली. अंगणात आबा, म्हणजे तिचे वडील, शेळ्यांना पाला टाकत होते. त्यांनी टेंपोकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं, पाल्याची पेंढी खाली ठेवली.

"उचलून आणली?"

मी आक्काला हात देऊन खाली उतरवली.

"पुन्यांदा उचलून आणली, तर खेळ बंद."

मग तिच्या हातातल्या निळ्या पंपाकडं बोट केलं. "आन ते नगं. सवय लागती."

आबा म्हणजे धोतर, टोपी आणि मौन. चेहरा असा की कुलूप लावलेली पतसंस्था. बोलणं "हं", "बस", "जा" एवढंच. आक्काची चाल त्यांच्याकडूनच आली असावी. दोघं बापलेक एसटीतून उतरून मैदानात येईपर्यंत पहिला डाव संपलेला असायचा. ते सामने बघायला यायचे, पण पायऱ्या चढून वर कधी बसायचे नाहीत. सगळ्यांत खालच्या पायरीवर, कडेला, एकटे. पोरीनं कितीही कमाल केली तरी टाळी नाही, हसू नाही. आम्ही त्यांना टरकून होतो. ते मैदानात असले की आक्का डोक्यावरून टॉवेल घ्यायची आणि टॉवेलाखाली पंप. आक्का पंप घेते हे गुपित होतं. म्हणजे ते फक्त उभ्या महाराष्ट्राला ठाऊक होतं आणि आबांना नव्हतं.

आणि या गुपिताला पाय फुटले होते. आमच्याशी नेहमी अंतिम फेरीत भिडणारा एक जिल्हा होता. नाव सांगत नाही. तिथं माझी नणंद दिलीय. त्यांच्या पोरींनी आपसांत ठरवून टाकलं की एवढी दमेकरी बाई हाताला लागत नाही, म्हणजे त्या निळ्या पंपातच काहीतरी पावर आहे.

त्या वर्षीची राज्याची फायनल बारामतीतच होती. घरचं मैदान, जानेवारीची थंडी, खालच्या पायरीवर आबा. सकाळपासून आक्का तीनच शब्द बोलली होती, त्यातले दोन चहावाल्याशी. मला तिसरा मिळाला. "उचलायचं न्हाय," असं तिला म्हणायचं असावं. पण "बा," एवढंच म्हणून तिनं पायरीकडं बघितलं, आणि मला सगळं कळलं.

शेवटच्या पाळीच्या आधी विश्रांती झाली. त्यांच्या सगळ्या पोरी त्यांच्या टेंपोच्या मागं गेल्या. तिथं काय चाललंय आम्हाला काय ठाऊक? आम्हाला वाटलं नारळ फोडतायत. मागनं कळलं, त्यांच्या उंच कप्तानानं औषधाच्या दुकानातून निळा पंप आणला होता आणि तो नऊ जणींत प्रसादासारखा फिरला. कुणी दोनदा घेतला, कुणी भक्तिभावानं चारदा. आता ज्याची छाती आवळलीय त्याला ते औषध मोकळं करतं. धडधाकट पोरींनी, त्यात फायनलची भीती पोटात असताना घेतलं, तर हात थरथरतात आणि काळीज ढोल वाजवतं. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

शेवटची पाळी. आम्ही पळणार, त्या पाठलाग करणार. आम्ही बऱ्याच गुणांनी पुढं, पण एकेक बाद म्हणजे त्यांना एकेक गुण. आठ जणी ओळीत बसल्या, आणि काय सांगू, आठच्या आठ जणी अशा थरथरत होत्या की मळणीयंत्रावर बसवल्यासारख्या. जमीन हलतीय म्हणून पंचांनी दोनदा पायाखाली बघितलं, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. पण पोरी जिद्दीच्या. थरथरत का होईना, त्यांनी आमच्या एकेक करून बाद केल्या, आणि शेवटचं दीड मिनिट उरलं तेव्हा मैदानात आक्का एकटी. आघाडी आता एकाच गुणाची; ती बाद झाली की बरोबरी, मग जादा डाव. जादा डाव पळायला तिच्या छातीत पाणी उरलेलं नव्हतं.

आक्का आपली दोघींच्या मधे, मेथी निवडत उभी. त्यांची उंच कप्तान अंगावर आली. हात लांबवला. तो हात आक्कापासून वीतभर अंतरावर, आणि देवी अंगात आल्यासारखा घुमतोय. तेवढ्यात कप्तानाच्या कमरेला खोचलेला निळा पंप सुटला आणि टुणकन आक्काच्या पायाशी येऊन पडला.

आक्कानं पंपाकडं बघितलं. मग त्या हाताकडं. मग ओळीतल्या आठही थरथरत्या टाळक्यांवरून सावकाश नजर फिरवली. तिला सगळं कळलं.

एक बोट वर झालं.

दोन बोटं वर झाली.

आणि मग तिसरं! आक्काच्या कारभारात तिसरं बोट नव्हतंच. मी सरांचा हात घट्ट धरला. पुढच्या क्षणी आक्का हसली. तोंडानं, आवाजानं, पोट धरून. बांध फुटावा तशी चार वर्षांचं साठवलेलं ती एकदम हसली. आणि त्या हसण्याच्या शेपटीला आला खोकला, आणि खोकल्याच्या मागं ती शिट्टी.

त्यांची कप्तान शरमेनं लाल होऊन, आक्काला शिवायचं विसरून पंप उचलायला वाकली. ओळीतल्या ओरडल्या, "अगं, खो दे! खो दे की!" आक्का गुडघ्यांवर हात टेकून उभी. श्वास आत जाईना. कडेला बसलेले स्वयंसेवक स्ट्रेचर घेऊन उठले. मी पायरीकडं बघितलं. आबा उभे राहिले होते.

आक्कानं खाली बघतच स्ट्रेचरवाल्यांना हात केला. नाही.

खो आला. एक जण उठली आणि धावली. आक्कानं पाऊल टाकलं. एकच. ओळीच्या पलीकडं. पुन्हा खो. पुन्हा पाऊल. एकीनं थरथरत भलत्याच दिशेला वळून मागं पळायला सुरुवात केली, पंचांनी शिट्टी मारून तिला परत पाठवलं. एकीचा हात खो देताना पाठीवर न पडता हवेतच फिरला. आक्काची शिट्टी पंचांच्या शिट्टीपेक्षा मोठी ऐकू येत होती. एक पाऊल. थांब. एक पाऊल. आम्ही सगळ्या तिच्याबरोबर श्वास धरून बसलो होतो, जणू आमचा बागायती दम तिच्याकडं पाटानं वळवता येणार होता.

आणि वेळ संपली.

आम्ही धावत सुटलो. जिंकणाऱ्या कप्तानाला खांद्यावर घ्यायची रीत असते. दोघींनी तिच्या पायांना हात घातलाही. आक्का एवढ्या जोरात मागं सरली की आम्हीच पडलो. "हात लावू नका!" म्हणाली. तिच्या हिशेबात तीन शब्द म्हणजे किंकाळीच.

मग ती चालायला लागली. भर मैदानातून, त्याच म्हशीच्या चालीनं. मध्यावर थांबली. टॉवेल मागितला नाही. आपल्या कमरेचा पंप काढला, हलवला आणि सगळ्या बारामतीदेखत घेतला. थांबली. पुन्हा घेतला. आणि तशीच खालच्या पायरीकडं गेली. मी मागोमाग. म्हटलं, आता काय ते ऐकावं लागणार.

आबा खाली बसले होते. चेहरा तोच, कुलूपबंद. धोतराच्या घोळातून त्यांचा हात सावकाश बाहेर आला, आणि वर झाला.

दोन बोटं.

मला इतकी वर्षं वाटत होतं ती खूण आक्कानं शोधून काढलीय. आता जवळ उभी राहिले तेव्हा ऐकू आलं: आबांच्या सदऱ्याआडून बारीक शिट्टी येत होती. तीच. आमच्या मांजरानं ओळखली असती.

आक्का त्यांच्या शेजारी पायरीवर बसली. "कवाधरनं?"

"हाय कवाचंच."

"आन मला पंप सोड म्हनत हुता?"

आबांनी मैदानाकडं बघितलं. "तुला आमचं लागलं, ह्येच सोसंना."

आक्कानं पंपाचं तोंड जर्सीनं पुसलं आणि त्यांच्यापुढं धरला. "डागतरकडं उद्या जाऊ. आत्ता ह्यो घ्या."

आबांनी डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं. दोन्ही तालुके तिथंच. "हितं? लोकांत?"

"मी घेतला की लोकांत."

आबांनी टोपी सारखी केली, पंप दोन्ही हातांनी तोंडाला लावला आणि लग्नातली पिपाणी वाजवावी तसा जोर लावून फुंकला.

"ओढायचा, आबा. फुंकायचा न्हाय."

दुसऱ्या खेपेला जमला. आक्कानं सांगितलं तसा त्यांनी श्वास धरून ठेवला, सोडला, आणखी एकदा घेतला. बापलेक शेजारी शेजारी बसून मैदान बघत राहिले. फक्की पुसली जात होती, त्यांच्या पोरी थरथरत्या हातांनी पाणी पीत होत्या, निम्मं अंगावर. थोड्या वेळानं आबांच्या सदऱ्यातली शिट्टी बारीक झाली, मग थांबली. त्यांनी एकदा छाती भरून बघितली, विहिरीत पाणी किती आलंय ते वाकून बघावं तशी. आणि बोलायला लागले.

"ती उंच पोरगी ते उचलाय वाकली, तवाच तू सरकून पार दुसऱ्या टोकाला जायला पायजे हुतं, ते सोडून तितं हसत बसलीस, आन हसलीस ती हसलीस, वरनं गुडघ्यावं हात टेकून हुबी ऱ्हायलीस, येवढी म्हाराष्ट्राची कप्तान म्हनवतीस, शेळीबी कुत्रं दिसल्याव अशी मदीच थांबत न्हाय, तिला अक्कल आसती, आन त्या अदुगरच्या पाळीला तर..."

एका दमात! या माणसाच्या तोंडून मी चार वर्षांत मिळून एवढे शब्द ऐकले नव्हते, आणि थांबायचं काही चिन्ह नव्हतं.

आक्कानं मान खाली घातली. चेहरा सुतक असल्यासारखा केला. आणि आबांना दिसणार नाही असं, मांडीवरच्या हाताचं एक बोट हळूच वर उचललं.